विमावाल्या काकू

काकू माणसाला नावानं ओळखत नसत, त्याच्या घरातल्या आजारानं ओळखत. सकाळी आमच्या बिस्किटांच्या फॅक्टरीच्या गेटातून माणसं आत येऊ लागली की त्या आपल्या खिडकीपाशी उभ्या असत. कुणाला नमस्कार नाही, कसे आहात नाही. पॅकिंगवाला दिसला की सरळ विचारत, "अम्मा की शुगर?" आणि तोही चालता चालता सांगे, "दो सौ के नीचे आ गई, काकूजी." भट्टीवरच्या एका मिस्त्रीचं नाव त्यांना दहा वर्षांत पाठ झालं नव्हतं, पण त्याच्या वडिलांचे मोतीबिंदू कुठल्या महिन्यात काढले ते तोंडपाठ होतं. मी पहिल्या दिवशी रुजू व्हायला गेले तेव्हा माझे दाखले बाजूला सारून त्यांनी विचारलं, "घरात कोण आजारी आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांचा काही विश्वास बसला नाही. म्हणाल्या, नीट आठव, आणि आठवलं की सांग.

ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याला लागलं की ही फॅक्टरी येते. काकू तिथं कार्मिक विभागात होत्या आणि आम्हा सगळ्यांच्या विम्याचं काम त्यांच्याकडे होतं. काम दोन तऱ्हेचं. ज्यांचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या खाली, त्यांचा कामगारांचा सरकारी विमा. त्यांनी बीमा अस्पतालात जायचं, लाइनीत उभं राहायचं आणि औषध फुकट घ्यायचं. पगार मर्यादेच्या वर गेला की सरकारी विमा सुटतो आणि कंपनीचा सुरू होतो. मग खिशात प्लास्टिकचं कार्ड आणि जायला काचेचे दरवाजे असलेली खाजगी हॉस्पिटलं. काकूंचं सगळं आयुष्य या इकडच्या माणसांना तिकडं सुखरूप पोचवण्यात गेलं. मराठी माणसं फॅक्टरीत मोजकीच, पण "काकू" सगळ्यांच्या तोंडी होतं. हिंदीवाले त्याला "जी" लावत, गेटवरचा गार्ड "काकू मैडम" म्हणे. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर असायचं.

दिसायला म्हणाल तर अगदी साध्या. सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. घराणं मात्र लिहिणाऱ्यांचं. पूर्वज दख्खनमधून आले ते दरबाराच्या दफ्तरात बसले, आणि काकूंच्या मते त्या अजून तिथंच बसल्या होत्या, फक्त दफ्तर बदललं होतं. फॉर्म भरताना त्यांच्याशी कुणी बोललेलं चालत नसे. आणि एकदा हाती आलेला कागद त्या कधी टाकत नसत. बसचं फाटकं तिकीटसुद्धा टाचणी लावून फाइलीत जाई. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. अस्पतालात जेव्हा मागतील न, तेव्हा माझ्याकडेच याल." आणि तसंच व्हायचं.

मी शिंदे की छावनीत राहणारी. कंपनीची बस मला इंदरगंजच्या चौकात मिळायची, काकू पुढं पडावच्या थांब्यावर चढायच्या. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट त्यांची. बस शहराबाहेर पडली की एकेक जण उठून त्यांच्याशेजारी येऊन बसे आणि घरचं दुखणं सांगे. काकू ऐकत, एका डायरीत काहीतरी लिहीत आणि कुठल्या खिडकीवर, कुठल्या दिवशी, कुठला कागद घेऊन जायचं ते सांगत. एका नव्या इंजिनीअरनं त्यांना डॉक्टरच समजून डोकेदुखीची गोळी मागितली होती. काकू त्याला म्हणाल्या, "मी औषध देत नाही. औषधाच्या दारापर्यंत सोडते." मग स्वतःच्या पर्समधली गोळी दिली ती वेगळी गोष्ट.

मला जे आठवायला सांगितलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. आई लहानपणीच गेली. घरात मी आणि आबा, माझे वडील. आबा एका खाजगी शाळेत कवायतीचे मास्तर होते, निवृत्त झाले ते पेन्शनशिवाय. रक्तदाब होता, चालताना दम लागत होता. पण फॉर्ममध्ये "आश्रित" असा एक रकाना होता आणि तिथं आबांचं नाव लिहायची माझी हिंमत नव्हती. आमचे लोक शिपाईगडी. पणजोबा सरकारच्या, म्हणजे शिंदे महाराजांच्या, पागेत होते, आजोबा सरकारच्या पलटणीत. पलटण जाऊन जमाना झाला, पण आबांच्या पाठीचा कणा अजून हुकमाची वाट बघत ताठ उभा होता. आणि अशा माणसाला मी, मुलगी, माझा आश्रित म्हणून लिहू? छे. आबांनी मला घराबाहेर काढलं नसतं, स्वतः बाहेर पडले असते.

बसमध्ये काकूंनी हे माझ्याकडून काढून घेतलं. जरा विचार करून म्हणाल्या, "आबांना विचार, हा विमा देतं कोण? सरकार देतं." मी घरी येऊन तसंच विचारलं. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सरकार या शब्दाला आमच्या छावनीतल्या जुन्या घरांत अजून वजन आहे. दरबार गेला, दिल्ली आली, भोपाळ आलं, तरी सरकार ते सरकार. आबा म्हणाले, "सरकार देत असेल तर घ्यायला हवं. नाही म्हणणं बेअदबी होईल." एवढ्या सोप्यात हे सुटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

कार्डासाठी फोटो काढायचा होता. फॅक्टरीच्या कँटीनमध्ये कॅमेरा घेऊन माणूस आला होता आणि लोकांनी घरच्यांना आणलं होतं. आबा बंद गळ्याचा कोट आणि फेटा घालून आले. कँटीनमधले लोक उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मालकांपैकी कुणी आलं. कॅमेरावाला म्हणाला, एकेकानं इथं स्टुलावर बसा, नुसता चेहरा पाहिजे, पगडी काढा. आबांची मान ताठ झाली. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात काकू मॅनेजरच्या केबिनमधली हातांची खुर्ची स्वतः ओढत घेऊन आल्या. आबांना तीत बसवलं, मला मागं उभं केलं, माझा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि त्या माणसाला म्हणाल्या, पहले ये वाला खींचो. तो म्हणाला, मैडम, ये कार्ड में आएगा ही नहीं. काकू म्हणाल्या, "कार्ड में तुम्हारा आएगा. ये घर में आएगा." मग आबा आनंदानं फेटा काढून स्टुलावर बसले. तो खुर्चीतला फोटो आमच्या पुढच्या खोलीत लागला आहे. काकूंनी मागाहून मला समजावलं की तुमच्यासारख्या लढणाऱ्यांच्या घरात फॉर्म भरायचा म्हणजे आधी खुर्ची मांडावी लागते.

पुढं चार वर्षं आबांचं बीमा अस्पताल असं काही जमलं की बोलायची सोय नाही. दर महिन्याला औषध आणायला जात आणि तिथली लाइन त्यांना वाकडी दिसे. मग कवायतीच्या आवाजात ती सरळ करत. म्हाताऱ्या बायकांना पुढं काढत, मधे घुसणाऱ्याला कानाला धरून मागं पाठवत. खिडकीवरचा कम्पाउंडर त्यांना मास्टरसाब म्हणू लागला. मला ती लाइन बघूनच कंटाळा यायचा. औषध कधी असे, कधी नसे, पंख्याला वारा नाही, बसायला जागा नाही. मी मनात म्हणायचे, एकदा पगार वाढू दे, मग या दाराचं तोंड बघणार नाही. हे मी कबूल करते, कारण त्याच दारात एका तरुण डॉक्टरणीनं आबांच्या छातीला नळी लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं आणि मला आत बोलावलं. हृदयाची एक झडप खराब होत चालली होती. आज घाई नाही, पण वर्ष-दीड वर्षात ऑपरेशन करून ती बदलावी लागेल, तोवर दर महिन्याला बघत राहू, असं तिनं सांगितलं. मी आबांना दम लागतो तो म्हातारपणाचा समजत होते.

आणि त्यानंतर महिन्याभरातच मला बढती मिळाली. प्रयोगशाळेची असिस्टंट मॅनेजर. मी सबंध विभागाला बेसनाचे लाडू वाटले. काकूंनी लाडू खाल्ला, बोटं रुमालाला पुसली, अभिनंदन वगैरे काही नाही. म्हणाल्या, "पगार मर्यादेच्या वर गेला तुझा. आता आबांच्या झडपेचं काय करायचं, ते सांग." मला रागच आला. माणसाला एक दिवस तरी नीट खूश होऊ द्यावं. पण काकूंना खूश व्हायच्या आधी माणसाला इकडून तिकडं पोचवायची घाई असे. त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पगार वाढला म्हणून सरकारी कार्ड त्याच दिवशी मरत नाही, पुढचे काही महिने चालतं. मग ते सुटतं, माझं आणि आबांचं दोघांचं. तोवर कंपनीच्या विम्यात नाव घालून घ्यायचं. कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा, पंधरा दिवसांची मुदत. आईवडिलांची नावं घालायची ती याच पंधरा दिवसांत, पहिल्या आणि शेवटच्या खेपेला. पुन्हा कधी घालता येत नाहीत. सत्तरीनंतर मिळणारं सरकारी कार्ड आबांपासून अजून चार वर्षं लांब होतं, आणि झडप काही चार वर्षं थांबणार नव्हती. तेव्हा आबांचं ऑपरेशन कुठं आणि कसं होणार, हे त्या एका फॉर्मवर ठरणार होतं.

मी घरी जाऊन आबांना सांगितलं. आबा कूलरमध्ये पाणी भरत होते. बादली खाली ठेवून त्यांनी विचारलं, हा विमा कोण देतं? मी म्हटलं, कंपनी. कंपनी कुणाची? मी म्हटलं, शेठची. झालं. आबा म्हणाले, सरकारची गोष्ट वेगळी, आपण पिढ्यान्पिढ्या सरकारची चाकरी केली. कुठल्या बिस्किटं विकणाऱ्या शेठच्या मेहेरबानीवर मी छाती फाडून घेणार नाही. मी समजावलं, रडले, मग माझी सटकली. मी त्यांचीच मुलगी, राग आमच्या दोघांच्याही नाकावर. मी म्हटलं, तुम्हाला मरायचं असेल तर खुशाल मरा, मी हात जोडणार नाही. ते म्हणाले, जोडू नकोस. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात तरातरा फॉर्म उघडला, "कोणीही आश्रित नाही" या चौकटीत खूण केली आणि शेवटचं बटण दाबून टाकलं. बटण दाबल्यावर खाली एक ओळ आली की आता यात बदल करता येणार नाही. ती मी पुन्हा पुन्हा वाचली.

काकूंना मी काहीच सांगितलं नाही. बसमध्ये मागं बसू लागले. पण मुदत संपायच्या आधी सगळ्यांचे फॉर्म एकदा डोळ्यांखालून घालायची त्यांची सवय होती. शनिवारी त्यांनी माझा फॉर्म पाहिला. मला बोलावलंही नाही. रविवारी दुपारी तीनला आमच्या दाराची कडी वाजली. मे महिना, बाहेर अशी लू, उन्हाळी वाऱ्याची झळ, चाललेली की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. दारात काकू, डोक्याला-तोंडाला पदर गुंडाळलेला, हातात छत्री, चेहरा लालबुंद. मी पन्हं करून आणलं. आबांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः खाटेवर बसले.

मला वाटलं, आता विम्याचं बोलणं सुरू होईल आणि आबा उठून आत जातील. काकूंनी पन्हं संपवलं, पर्समधून आपलं सरकारी विम्याचं कार्ड काढलं आणि आबांच्या हातात दिलं. मग आपल्या यजमानांची गोष्ट सांगायला लागल्या. ते मिलमध्ये होते. मिल बंद पडली, त्यांचा विमा सुटला, आणि नेमक्या त्याच साली काकूंना फॅक्टरीत काम मिळालं. काकूंनी आपल्या कार्डावर त्यांचं नाव घालायचं ठरवलं तर ते म्हणाले, बायकोच्या कार्डावर औषध घेऊ? लोक काय म्हणतील? पोटातलं दुखणं त्यांनी दोन वर्षं अंगावर काढलं. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

"लोक काहीच म्हणाले नाहीत, आबासाहेब," काकू म्हणाल्या. "तेराव्याला जेवले आणि गेले. या कार्डावर पुढं मी एकटीच राहिले."

आबा कार्ड उलटून पालटून बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चार वर्षं या बाईच्या शेजारी बसून मी माझी दुखणी सांगितली होती आणि त्यांच्या घरात कोण होतं, कोण गेलं, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

मग काकूंनी मुद्द्याचं काढलं, तेही आवाज न चढवता. "ही मुलगी पहाटे उठते, दोन तास बसमध्ये घालवते, दिवसभर प्रयोगशाळेत उभी राहते. त्याच्या बदल्यात पगार मिळतो आणि हा विमा मिळतो. शेठची मेहेरबानी कुठं आली यात? ही तिची कमाई आहे. तिच्या कमाईची भाकरी तुम्ही रोज खाता न? मग औषधालाच का अडता?"

असं आबांना आजवर कुणी बोललं नव्हतं. आबांनी ते कार्ड दोन्ही हातांनी काकूंना परत केलं आणि विचारलं, फोटोला कधी यायचं? काकूंनी सांगितलं की आता फोटो लागत नाही, आधारचा नंबर पुरतो. आबा थोडे हिरमुसलेच. मग मी रडत रडत सांगितलं की फॉर्म मी बंद करून बसले आहे. काकू म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे, ते उद्या बघू. आणि छत्री उघडून त्या लूमध्ये निघून गेल्या. रिक्षा आणते म्हटलं तर ऐकलं नाही.

सोमवारी मुदतीचा शेवटचा दिवस होता. काकूंनी दिल्लीकडच्या हेड ऑफिसला फोन लावला आणि दुपारपर्यंत सोडला नाही. मी प्रयोगशाळेत पिठाचे नमुने तपासत होते, पण माझं कशात लक्ष नव्हतं. चारच्या सुमाराला काकूंनी मला बोलावलं. स्क्रीनवर माझा फॉर्म उघडा होता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला बोलू न देता आबांचं नाव, जन्मतारीख, नंबर असं एकेक अक्षर स्वतः घातलं. तीनदा वाचलं. मग बटण माझ्याकडून दाबून घेतलं. हे जमवलंत कसं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, हात जोडले, आणखी काय. मी ते खरं मानलं. माझ्या जिवात जीव आला होता, आणखी चौकशी करायची मला गरज वाटली नाही.

पुढच्या मार्चमध्ये काकू गेल्या. म्हणजे कामावरून. साठी उलटल्यापासून त्यांना दर मार्चला वर्षाची मुदत वाढवून मिळत असे, त्या वर्षी मिळाली नाही. विम्याचं सगळं आता मोबाइलवर होणार, असं कळवण्यात आलं. शेवटच्या दिवशी भट्टीवरची माणसं हात धुऊन त्यांच्या खिडकीशी आली आणि काकू प्रत्येकाला घरच्या आजाराच्या सूचना देत राहिल्या, जणू उद्यापासून सगळे परगावी निघालेत. त्यांची खिडकी बंद झाली. आम्ही मोबाइलवर विचारायला लागलो. मोबाइल शुगर किती, असं काही विचारत नाही.

दिवाळीनंतर आबांना एकदम त्रास झाला. सरकारी कार्ड तोवर संपलं होतं. कंपनीच्या कार्डावर खाजगी हॉस्पिटलात दाखल केलं. ऑपरेशनची मंजुरी विमा कंपनीकडून यायची होती आणि काउंटरवरची मुलगी दर तासाला एक नवा कागद मागत होती. पहिला दम कधी लागला होता, कुठल्या डॉक्टरनं लिहिलं, तेव्हाचा पर्चा, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, आहे का. माझं डोकंच चालेना. मी काकूंना फोन केला. अर्ध्या तासात त्या आल्या, काखेत एक जाड फाइल. आबांचे बीमा अस्पतालातले सगळे पर्चे, मी बसमध्ये त्यांना दाखवायला दिलेले, तारखेवार, टाचणी लावलेले. नोकरी सुटताना लोकांच्या फाइली त्यांनी घरी नेल्या होत्या, लागतील म्हणून. त्या मुलीनं कागद मागावा आणि काकूंनी तो काढून द्यावा, असं संध्याकाळपर्यंत चाललं. मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची झडप बदलली. तिसऱ्या दिवशी आबांनी नर्सला विचारलं की इथली लाइन कुठं लागते.

फाइल आमच्याकडेच राहिली. फेब्रुवारीत तपासणीचा कागद शोधायला मी ती पहिल्यांदा शेवटापर्यंत चाळली आणि तळाशी दोन छापील ईमेल सापडले. पहिला काकूंचा, त्या सोमवारचा. त्यात लिहिलं होतं की या कर्मचारी मुलीनं वडिलांचं नाव वेळेवर माझ्याकडे दिलं होतं, ते घालायचं माझ्याकडून राहिलं, चूक सर्वस्वी माझी आहे, तरी फॉर्म उघडून द्यावा. खाली त्यांची सही. दुसरा हेड ऑफिसचा. कर्मचाऱ्यानं स्वतः केलेली चूक दुरुस्त होत नाही, पण चूक विभागाची असल्यानं या वेळेपुरता फॉर्म उघडत आहोत. या हलगर्जीची नोंद घेतली असून मुदतवाढीच्या वेळी ती विचारात घेतली जाईल. आबांच्या केसचा कागद म्हणून काकूंनी हे दोन्हीही फाइलीला लावले होते. मला कळू नये असं त्यांना नक्की वाटत असणार. पण कागद गाळणं काही त्यांना जमलं नाही.

मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. त्या सामान बांधत होत्या. नागपूरला भाची होती, तिच्याकडे कायमचं राहायला निघाल्या होत्या. मी ईमेल समोर धरले. एवढंच म्हणाले की चूक माझी होती, काकू, आणि नोकरी तुमची गेली. काकू साडीची घडी घालत होत्या.

"नोकरी कधीतरी संपायचीच होती," त्या म्हणाल्या. "आबांना संपू द्यायचं होतं का?"

मग म्हणाल्या, आबांना हे सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेतील. मी सांगितलं. मला न सांगणं शक्यच नव्हतं. आबांनी दोन्ही ईमेल माझ्याकडून वाचून घेतले, अर्थ विचारला, पुन्हा वाचायला लावले. गाडी कधीची आहे, एवढंच बोलले.

स्टेशनवर फॅक्टरीतली बरीच माणसं आली होती. सकाळची गाडी. काकू खिडकीत बसल्या होत्या आणि कुणाच्या तरी आईच्या इन्सुलिनबद्दल सांगत होत्या. आबा गर्दीतून पुढं गेले आणि खिडकीसमोर ताठ उभे राहिले. आमच्याकडं मुजरा फक्त सरकारला करतात. कमरेत वाकायचं, उजवा हात जमिनीकडं न्यायचा आणि कपाळाला आणायचा, तीन वेळा. आबांना तो दसऱ्याच्या दरबारात करताना मी लहानपणी पाहिलं होतं. इतर कुणापुढं वाकताना पाहिलं नव्हतं. काकूंच्या लक्षात आलं तशा त्या बोलता बोलता थांबल्या, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि घाबरून म्हणाल्या, "आबासाहेब, वाकू नका हो, झडप नवी आहे."

आबा तिन्ही वेळा पूर्ण वाकले.